गंभीर चेहऱ्यांची गाढवं

१८९२ साली बोस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत अकरा वर्षांच्या एका मुलीची उलटतपासणी झाली. समोर शाळेतलेच आठ जण बसले होते, चार डोळस आणि चार अंध. मुलीला दिसत नव्हतं, ऐकूही येत नव्हतं. जिच्या बोटांतून तिचा जगाशी संवाद चालायचा त्या शिक्षिकेला, ॲन सुलिव्हनला, खोलीबाहेर जायला सांगण्यात आलं. मग सुमारे दोन तास प्रश्नांचा मारा. आरोप होता वाङ्मयचौर्याचा. मतं पडली चार विरुद्ध चार. शाळेचा संचालक मायकेल ॲनाग्नोस याने आपलं मत मुलीच्या पारड्यात टाकलं, म्हणून ती सुटली. सुटली ती कागदावर. ॲनाग्नोसचं मन पुढे फिरलंच, आणि मुलीच्या मनातून तर ती खोली कधी गेली नाही. लिहिता लिहिता मध्येच थांबायचं आणि हे वाक्य आपलं की वाचलेलं, म्हणून घाबरायचं, हे हेलन केलरच्या मागे कित्येक वर्षं लागून राहिलं.

एका लहान मुलीच्या परीकथेवर मोठ्या माणसांनी चौकशी समिती बसवावी, हा प्रकार समजायला आधीची चार-पाच वर्षं पाहावी लागतात. हेलन अलाबामा राज्यातल्या टस्कंबिया गावची. जन्म २७ जून १८८०. एकोणीस महिन्यांची असताना आजारपणात दृष्टी आणि श्रवण दोन्ही गेलं. सहा वर्षांची होईपर्यंत घरातल्यांना तिला आवरणंही कठीण झालं होतं. वडील तिला घेऊन वॉशिंग्टनला अलेक्झांडर ग्रॅहम बेलकडे गेले. टेलिफोनच्या पेटंटला तेव्हा दहा वर्षं होऊन गेली होती, पण बेलची ओढ बहिऱ्यांच्या शिक्षणाकडे होती. त्याच्या आईला जवळजवळ ऐकू येत नव्हतं, बायको मेबल लहानपणीच बहिरी झालेली. पर्किन्सला पत्र लिहा, असं त्याने सुचवलं, आणि ३ मार्च १८८७ रोजी वीस वर्षांची ॲन सुलिव्हन टस्कंबियाच्या स्टेशनवर उतरली. पंपाच्या पाण्याखाली धरलेला हात आणि दुसऱ्या तळहातावर लिहिलेली अक्षरं हा प्रसंग आपल्याकडे इतक्या वेळा सांगून झाला आहे की तो इथे पुन्हा सांगत नाही.

त्यानंतर जे झालं ते मला जास्त नवलाचं वाटतं. पंपाच्या प्रसंगाला तीन महिनेही झाले नव्हते तेव्हा हेलनने पेन्सिलीने पहिलं पत्र लिहिलं. अंधांसाठीच्या लेखनफळीला खाचा असतात. फळीवर कागद ठेवायचा, खाचेच्या आधाराने पेन्सिल चालवायची आणि डाव्या हाताच्या बोटाने अक्षर कुठवर आलं ते चाचपत राहायचं. अक्षरं चौकोनी उमटतात, पण कुणाही डोळस माणसाला वाचता येतात. त्याच वर्षी नोव्हेंबरात, वयाच्या आठव्या वर्षी, तिने बेलला पत्र धाडलं आणि वॉशिंग्टनला आपण त्याच्या घड्याळाशी खेळलो होतो याची आठवण दिली. पुढच्या चार वर्षांत तिच्या पत्रमित्रांची यादी पाहिली तर अमेरिकन साहित्याचा वर्गच भरल्यासारखी वाटते. कवी ऑलिव्हर वेंडेल होम्स, कवी जॉन ग्रीनलीफ व्हिटिअर, बिशप फिलिप्स ब्रुक्स. होम्सने तर तिचं एक पत्र आपल्या लेखमालेतच छापलं. बिशप ब्रुक्स तिला एवढा आवडायचा की धाकट्या भावाचं नाव फिलिप्स ब्रुक्स ठेवलं गेलं.

ही पत्रं गोड आहेत, जरा जास्तच गोड. फुलं, पाखरं, देवबाप्पा, प्रिय कविराज. वृद्ध कवींना जे वाचायला आवडेल तेच बहुतेक त्यात आहे. त्यात हेलनचा दोष नाही. तिला भाषा मिळाली ती पुस्तकांतून आणि ॲनच्या बोटांतून. सकाळ कशी उगवते हे तिने पाहिलं नव्हतं, वाचलं होतं. शाळा मात्र ही पत्रं वार्षिक अहवालात छापत होती, वर्तमानपत्रं ती उचलत होती, देणग्या येत होत्या. एक गोष्ट तिच्या बाजूने सांगायला हवी. तिचा कुत्रा मारला गेला तेव्हा नवा कुत्रा घेण्यासाठी लोकांनी पैसे देऊ केले. तिने पत्रं लिहून ते पैसे टॉमी स्ट्रिंगर नावाच्या अंध-बधिर मुलाच्या शिक्षणाकडे वळवले. वय वर्षं दहा. पत्र हे कामाचं हत्यार आहे, हे तिला फार लवकर कळलं.

अशा देव्हाऱ्यात बसवलेल्या मुलीने १८९१ च्या नोव्हेंबरात ॲनाग्नोसच्या वाढदिवसाला एक गोष्ट लिहून पाठवली. थंडीचा राजा, त्याचं रत्नभांडार, शरदात रंगणारी पानं. ॲनाग्नोसने ती कौतुकाने छापली. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की मार्गारेट कॅन्बी या लेखिकेची जवळजवळ अशीच गोष्ट आधीच पुस्तकात आली आहे. शोध घेतल्यावर कळलं की १८८८ च्या उन्हाळ्यात केप कॉडला ते पुस्तक कुणीतरी हेलनच्या हातावर वाचून दाखवलं होतं. ती ते साफ विसरली होती, शब्द तेवढे आत राहिले होते. कॅन्बीबाईंनी स्वतः मोठ्या मायेने समजूत घातली. शाळेने मात्र न्यायासन मांडलं. चमत्कार म्हणून ज्यांनी मिरवलं त्यांनाच चमत्कार खोटा निघाला तर अब्रू जाण्याची भीती जास्त होती.

मार्क ट्वेन तिच्या आयुष्यात आला तो यानंतर तीन वर्षांनी. १८९५ च्या मार्चअखेरीस न्यूयॉर्कला लॉरेन्स हटन या संपादकाच्या घरी रविवारची दुपार जमली होती. हेलन तेव्हा तिथल्या बहिऱ्यांच्या शाळेत शिकत होती, वय चौदा. ट्वेन एकोणसाठ वर्षांचा आणि दिवाळखोर. अक्षरं जुळवणाऱ्या एका यंत्रात त्याने पैसा ओतला होता, ते यंत्र काही धड चाललं नाही. १८९४ त त्याची प्रकाशनसंस्थाही बुडाली. त्याचे हिशोब निस्तरत होता स्टँडर्ड ऑइलचा हेन्री रॉजर्स, तोही त्या दुपारी तिथे होता. हेलनने बोटं ट्वेनच्या ओठांवर ठेवली आणि त्याने एक लांबलचक किस्सा सांगितला. ती नेमक्या जागी हसत गेली, हे ट्वेनने पुढे पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. विनोदी माणसाला नेमक्या जागी हसणारा श्रोता भेटला की तो जन्माचा ऋणी होतो. नंतर, निघायच्या वेळी, त्याने काही न बोलता तिच्या डोक्यावर हलकेच थोपटलं, आणि तिने लगेच त्याचं नाव घेतलं. तिने कसं ओळखलं याचं कोडं त्याला बरेच दिवस पडलं होतं. उत्तर साधं होतं, वासावरून. ट्वेन दिवसभर चिरूट ओढायचा.

त्या दिवशीच हेलनने आईला पत्र लिहिलं, त्यात हसून हसून डोळ्यांत पाणी आल्याचा मजकूर आहे. आधीच्या थोर पत्रमित्रांनी तिला आशीर्वाद दिले होते, कविता दिल्या होत्या. हा पहिला माणूस, ज्याने तिला थट्टेत घेतलं.

ट्वेन कर्ज फेडायला जगभर व्याख्यानं देत निघाला आणि १८९६ च्या जानेवारीत मुंबईला उतरला. वॉटसन हॉटेलात मुक्काम, खोकल्याने अंथरुणाला खिळलेला, आणि बाहेर कावळ्यांची शाळा. मुंबईच्या कावळ्यांवर त्याने जे लिहिलं आहे ते मराठी वाचकाने एकदा जरूर मिळवून वाचावं, आपल्या घरच्या पाहुण्यांची एवढी खोडकर नोंद दुसऱ्या कुणी केली नसेल. सोबत पत्नी आणि मुलगी क्लारा. थोरली सूझी अमेरिकेतच राहिली होती. दौरा संपवून तो इंग्लंडला पोचला आणि १८९६ च्या ऑगस्टमध्ये हार्टफर्डच्या घरी सूझी मेंदूज्वराने गेली. चोवीस वर्षांची होती. शेवटच्या दिवसांत तिची दृष्टीही गेली होती. बापाला तारेने कळलं.

त्याच ऑगस्टमध्ये टस्कंबियाला हेलनचे वडील वारले. तिला मदत करणारा बोस्टनचा एक साखरव्यापारीही त्याच वर्षी गेला होता. ऑक्टोबरात हेलन केम्ब्रिजच्या मुलींच्या शाळेत दाखल झाली खरी, हार्वर्डच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करायला, पण पुढच्या शिक्षणाचा पैसा कुठून येणार याला कुणाकडे उत्तर नव्हतं. हटनबाई निधी जमवू पाहत होत्या आणि त्यांनी ट्वेनला लंडनला कळवलं.

ट्वेन तेव्हा चेल्सीतल्या एका घरात दारं लावून बसला होता. कुणाला भेटत नव्हता. त्याच्याकडे स्वतःचे पैसे नव्हते, होतं ते सावकारांचं. पण २६ नोव्हेंबर १८९६ रोजी त्याने रॉजर्सच्या पत्नीला पत्र लिहिलं. आपल्या नवऱ्याला ती चौदा वर्षांची मुलगी आठवत असेलच, अशी सुरुवात. मग मागणी: गरिबीपायी तिचं शिक्षण थांबणं देशाला परवडणारं नाही, तेव्हा रॉजर्सने, रॉकफेलरने आणि स्टँडर्ड ऑइलच्या बाकी धुरिणांनी यात लक्ष घालावं, आणि मिसेस रॉजर्सने नवऱ्याच्या मागे लागावं. पत्रात रडगाणं नाही, दयेचं आवाहन तर त्याहून नाही. थेट नवऱ्यापुढे विषय न काढता बायकोमार्फत काढण्यातली हुशारी संसारी माणसाला लगेच कळेल. रॉजर्स तयार झाला. वॉल स्ट्रीटवर निर्दयपणाबद्दल बदनाम असलेल्या या माणसाने हेलनच्या शिक्षणाचा भार उचलला, आणि त्यासाठी ट्वेनला त्याची मनधरणी फार वेळ करावी लागली नाही. पुढे १९०८ त हेलनने आपलं पुस्तक रॉजर्सलाच अर्पण केलं.

ट्वेनच्या प्रवासवर्णनात, जगभरच्या त्या व्याख्यानदौऱ्यावर लिहिलेल्या जाड पुस्तकात, हिंदुस्थानचा भाग संपत आला असताना हेलन अचानक भेटते. प्रकरण आहे शिक्षणावर. इथल्या विद्यार्थ्यांच्या घोकंपट्टीने भरलेल्या इंग्रजी उत्तरपत्रिकांचे मासले देऊन तो हसतो, पण हसतो ते विद्यार्थ्यांना नाही. अर्थ न लावता परकी पुस्तकं पाठ करायला लावणारी पद्धत त्याच्या रडारवर आहे, आणि अमेरिकेतल्या शाळाही तेच करतात हे तो उदाहरणांनी दाखवतो. मग दाखला देतो ॲन सुलिव्हनचा: जिने एका अंध-बधिर मुलीला पाठ नाही, तर विचार करायला शिकवलं, आणि ती मुलगी सोळाव्या वर्षी हार्वर्डच्या परीक्षेत उत्तीर्ण होते. मेकॉलेच्या छायेतल्या आपल्या शाळांवरची टीका आणि हेलनचं कौतुक एकाच दमात करणारा लेखक दुसरा मला माहीत नाही. स्वस्त इंग्रजीला हसणाऱ्या साहेबांच्या रांगेत त्याला बसवणाऱ्यांनी ते प्रकरण शेवटपर्यंत वाचलेलं नसतं.

हेलन १९०० साली रॅडक्लिफ महाविद्यालयात गेली. व्याख्यानं ॲन तिच्या तळहातावर लिहायची, ब्रेलमध्ये न मिळणारी पुस्तकंही. १९०३ त, अजून विद्यार्थिनी असतानाच, तिचं आत्मचरित्र पुस्तकरूपाने आलं. ते तिने बेलला अर्पण केलं. त्यात तिने थंडीच्या राजाची सगळी हकीकत स्वतःच मांडली, कुठलीही ओळ न लपवता.

१७ मार्च १९०३ रोजी ट्वेनने ते वाचून तिला जे पत्र लिहिलं ते या मैत्रीतलं सगळ्यांत मोलाचं. पुस्तकाचं कौतुक थोडक्यात आटोपतो, हेलन आणि ॲन दोघी मिळून एक पूर्ण माणूस होतात असं सांगतो, आणि मग त्या चौकशी समितीवर घसरतो. एका पोरीचं काळीज मोडणारी ही गंभीर चेहऱ्यांची गाढवं, असा त्याचा सूर. अकरा वर्षांनी कुणीतरी तिच्यासाठी खरंखुरं संतापलं होतं. वर तो विचारतो, माणसाच्या तोंडून निघणाऱ्या कुठल्या गोष्टीत उसनवारी नाही? तारायंत्र, वाफेचं इंजिन, टेलिफोन, यांतला एकेक शोध लागायला हजार माणसं लागतात, नाव मात्र शेवटच्याचं होतं. टेलिफोनचं उदाहरण त्याने मुद्दाम घेतलं असणार अशी मला दाट शंका आहे, कारण पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेवर बेलचं नाव त्याच्या समोर होतं.

त्याहून मजेदार भाग पुढे. ट्वेन सांगतो की आपल्या पहिल्या गाजलेल्या प्रवासवर्णनाची अर्पणपत्रिका चोरीची निघाली. हवाई बेटांवर आजारी पडला असताना त्याने ऑलिव्हर वेंडेल होम्सचा कवितासंग्रह वाचला होता, त्याची अर्पणपत्रिका डोक्यात मुरली, आणि काही वर्षांनी ती आपलीच समजून त्याने पुस्तकाला लावली. मित्राने दाखवून दिल्यावर त्याने होम्सला क्षमा मागणारं पत्र धाडलं. होम्सने हसून उत्तर दिलं की आपण सगळेच नकळत असं करत असतो. हाच होम्स लहानपणीचा हेलनचा पत्रमित्र. १८९४ त तो वारला होता. जे वाक्य १८९२ साली कुणी हेलनला सांगायला हवं होतं ते होम्सने आधीच एका दुसऱ्या चोराला सांगून ठेवलं होतं, आणि त्या चोराने ते तिच्यापर्यंत पोचवलं.

बेलबद्दल दोन शब्द, नाहीतर अन्याय होईल. हेलनला ट्वेनपेक्षा कितीतरी जास्त वेळ त्याने दिला. १८९३ त नायगरा दाखवायला नेलं, शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात हिंडवलं. तेव्हा तेरा वर्षांचीही न झालेल्या हेलनच्या हातून, बेलने बहिऱ्यांसाठी काढलेल्या वॉशिंग्टनमधल्या व्होल्टा ब्यूरो या संस्थेच्या नव्या इमारतीची पहिली कुदळ मारली गेली. एकदा त्याने तिचा हात टेलिफोनच्या खांबावर ठेवून तारांची गुणगुण ऐकवली, म्हणजे जाणवून दिली. स्वतःबद्दलच लिहीत राहू नकोस, इतर विषयांवर लिही, हा सल्लाही त्याचाच. पण बहिऱ्यांची खुणांची भाषा शाळांतून काढून टाकावी, त्यांनी ओठ वाचून बोलावं, यासाठी त्याने आयुष्यभर झटून जे केलं त्याची कडवट आठवण बहिऱ्यांचा समाज आजही काढतो. हेलनशी मात्र तो तासन्‌तास बोटांनीच बोलायचा.

२९ मार्च १९०६ रोजी न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ ॲस्टोरिया हॉटेलात अंधांना काम मिळवून देण्यासाठी सभा झाली. ट्वेन अध्यक्ष. हेलन आजारी असल्याने आली नाही, तिने पत्र पाठवलं आणि ते सभेत ट्वेनने वाचून दाखवलं. पत्रसाहित्याच्या इतिहासात या पत्राची जागा पक्की आहे, असं तो म्हणाला. त्याआधी त्याने स्वतःच्या आंधळेपणाचा एक किस्सा सांगितला होता: जर्मनीत एका अंधाऱ्या खोलीत हरवलेला मोजा शोधताना त्याने रात्रभर कशी पायपीट केली तो. सभा निधीसाठी होती आणि लोक हसत होते. दया वाटून दिलेल्या पैशापेक्षा हसून दिलेला पैसा बरा, असं त्याचं गणित असावं.

जानेवारी १९०९ मध्ये हेलन, ॲन आणि ॲनचा नवरा जॉन मेसी असे तिघं कनेक्टिकटमधल्या स्टॉर्मफील्डला, ट्वेनच्या घरी, राहायला गेले. तिची खोली दाखवताना चिरूट आणि व्हिस्की कुठे आहे हे त्याने आधी सांगितलं. बिलियर्ड शिकवतो म्हणाला. त्याला तर दृष्टी लागते, हेलन म्हणाली. त्यावर उत्तर असं की आपले मित्र ज्या पद्धतीने खेळतात त्यापेक्षा आंधळा माणूस वाईट खेळू शकत नाही. रात्री त्याने ईव्हच्या दैनंदिनीची आपली गोष्ट मोठ्याने वाचली आणि हेलनने ती त्याच्या ओठांवरच्या बोटांनी ऐकली. शेक्सपिअरची नाटकं बेकनने लिहिली का, यावर वाद झाले. त्या घरात हेलनने एकदाही जपून बोलावं अशी कुणाची अपेक्षा नव्हती. फिलिपिन्समधली अमेरिकेची लढाई असो की काँगोतले लिओपोल्ड राजाचे अत्याचार, ट्वेन तिच्याशी राजकारण बोलायचा, चिडून बोलायचा. ११ जानेवारीला निघताना तिने पाहुण्यांच्या वहीत लिहिलं की तीन दिवस आपण नंदनवनात होतो आणि तिथे एक राजा भेटला. खाली सही, ईव्हची लेक.

मे १९०९ मध्ये रॉजर्स गेला. २१ एप्रिल १९१० रोजी ट्वेनही. दरम्यान स्टँडर्ड ऑइलच्या पैशावर शिकलेली ही मुलगी समाजवादी पक्षाची सभासद झाली होती. स्त्रियांचा मताधिकार, कारखान्यांतले अपघात, कामगारांच्या झोपडपट्ट्यांत आंधळे होणारे जीव यांवर ती लिहू लागली. ब्रुकलिनच्या एका वर्तमानपत्राने छापलं की तिच्या चुकांचं मूळ तिच्या अपंगत्वात आहे. ३ नोव्हेंबर १९१२ च्या अंकात, दुसऱ्या एका वर्तमानपत्रात, तिने त्याला उत्तर दिलं. या संपादकाशी आपली भेट अंधांसाठी भरवलेल्या एका सभेनंतर झाली होती, याची तिने आठवण करून दिली. तेव्हा त्याने केलेली स्तुती इतकी भरघोस होती की ती आठवली तरी लाज वाटते, आणि आता समाजवादी झाले म्हणताच मी आंधळी-बहिरी आहे हे त्याला आठवलं. मधल्या काळात माझी अक्कल आटली असणार, असं तिने लिहिलं.